दोष बाईचा की बादलीचा?



आज आपण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये जाऊ, नॉटिंगहॅम शहरात. हे शहर लेस विणणाऱ्या कारखान्यांचं. कामगारांची घरं एकमेकांना चिकटलेली, अंगणात काही घरांत मिळून एक संडास. कुठे नुसता खड्डा. त्यात मैला आणि चुलीतली राख साठत राहायची. कुठे खाली बादली. ती नगरपालिकेची माणसं रात्री गाडीत रिकामी करायची. पाण्याचे संडास काही घरांतच.

शहरात टायफॉइड हटत नव्हता. घरात कुणी आजारी पडलं की दोष बाईच्या माथी: हिला स्वच्छता कळत नाही!

तिथले आरोग्य अधिकारी डॉ. फिलिप बूबायर यांनी वेगळा प्रश्न विचारला. आजारी माणसाच्या घरी संडास कोणता? दहा वर्षांच्या नोंदींचा हिशोब लागला तो असा. खड्ड्याचा संडास असलेल्या ३७ घरांमागे एका घरात टायफॉइड. बादलीच्या १२० घरांमागे एका घरात. पाण्याच्या संडासाच्या मात्र ५५८ घरांमागे एका घरात.

कारण सोपं आहे. टायफॉइडचे जंतू रुग्णाच्या मैल्यातून बाहेर पडतात. मैला दारात साठला की माश्या त्यावर बसतात, तिथून भाकरीवर, दुधावर. बादली उचलताना सांडतं, ते पायांना लागून घरात येतं. बाईने दिवसातून दहादा पुसलं तरी ती किती पुरी पडणार?

१८७५ च्या कायद्याने तिथे प्रत्येक भागात निरीक्षक नेमणं बंधनकारक होतं. तो घरोघर जाऊन पाहायचा. संडास मोडका, गटार तुंबलेलं असेल तर नोटीस जायची, आणि दोष बांधकामाचा असेल तर ती भाडेकरू बाईला नव्हे, घरमालकाला. ऐकलं नाही तर कोर्ट. १८९२ साली नॉटिंगहॅमने या कामावर एक बाईही नेमली.

तरी बादल्या लगेच गेल्या नाहीत. घरमालकांना खर्च नको होता. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हाही शहरात बादल्या होत्याच. पण दोष फक्त बाईचा नाही, हे आकडे सांगत होते.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवा. जुलाब, ताप कुणाच्या घरी आला, पाणी कुठलं, जवळ गटार कुठलं, एवढंच लिहा. तारीख घालायला विसरू नका. ग्रामसभेत बोलायला उभ्या राहाल तेव्हा ते पान हातात असू द्या.