अंगावरचा कपडा आणि अंगातला धीर

१० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात काढलेला एक फोटो हल्ली मोबाइलवरून बराच फिरत असतो. डॉक्टरकी शिकायला परदेशातून आलेल्या तीन विद्यार्थिनी त्यात आहेत: जपानच्या केइ ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई जोशी. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा वेश आहे. परक्या मुलखात जाऊनही यांनी आपला पोशाख सोडला नाही, असं म्हणून फोटो पुढे पाठवला जातो. ते खरं आहे, पण अर्धंच. अमेरिकेला निघण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या सेरामपूरला केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हे भर सभेत सांगितलं होतं. मुंबईत शिकायला जाताना लोक भोवती जमून कसे हसायचे, ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसं शेरे मारता मारता खडे कशी फेकायची, तेही त्याच भाषणात आलं होतं. पुढे अमेरिकेच्या थंडीत मात्र त्यांनी नेसण्याची पद्धत बदलली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून पायघोळ, गुजराती वळणाची साडी त्यांनी जवळ केली. साडी ठेवायची हा निर्णय त्यांचा होता, आणि ती कशी नेसायची हाही त्यांचाच. नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या, पत्रांतली करडी नजर पाठीशी असताना अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीनं एवढं ठरवणं ही साधी गोष्ट नव्हती.

विद्यार्थ्यांचे कपडे, राहणी आणि आत्मविश्वास यांच्याबद्दल बोलताना आपण नेमकी ही गोष्ट विसरतो. एक नूर आदमी, दस नूर कपडा, असं म्हणत एक पक्ष चांगल्या कपड्यांनी माणूस उठून दिसतो म्हणतो. दुसरा पक्ष साध्या राहणीचे गोडवे गातो आणि कॉलेजला काय फॅशन करायला जाता का, असं विचारतो. दोन्ही पक्षांची नजर कपड्यावरच खिळलेली असते. माझ्या मते पाहायला हवं ते वेगळंच. तो कपडा अंगावर घालायचं कोणी ठरवलं, आणि तो घालून त्या मुलाला किंवा मुलीला दिवसभराचं काम मोकळेपणानं करता येतं का? या दोन प्रश्नांची उत्तरं बरोबर असतील तर फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेला शर्टही धीर देतो. ती चुकली तर ब्रँडेड जॅकेटही अंगावर ओझं होऊन बसतं.

कपड्यानं मन बदलतं का, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. २०१२ मध्ये हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी एक प्रयोगमालिका प्रसिद्ध केली. पांढरा कोट हा डॉक्टरचा म्हणून दिला, तर तो घालणारे लक्ष लावून करायच्या कामात सरस ठरले. तोच कोट चित्रकाराचा म्हणून दिला, तर तसं झालं नाही. हा निष्कर्ष जगभर गाजला आणि 'यशस्वी व्हायचं तर यशस्वी माणसासारखे कपडे घाला' छापाच्या सल्ल्यांना शास्त्राचा शिक्का मिळाला. पण २०१९ मध्ये याच मालिकेतला पहिला प्रयोग अनेक प्रयोगशाळांत, जास्त लोक घेऊन पुन्हा केला गेला, तेव्हा तो परिणाम काही दिसला नाही. कोट चढवला की बुद्धी तल्लख झाली, असा जादूचा हिशेब मांडता येत नाही. याउलट २००० साली प्रसिद्ध झालेला टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग आपल्या विषयाला जास्त जवळचा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, त्या वयाच्या पोरांना लाज आणणारा टी-शर्ट घालायला लावला आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी आपला टी-शर्ट पाहिला असणार, असं घालणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो पाव लोकांच्याच लक्षात आला होता. आवडत्या, मानाच्या व्यक्तींची चित्रं असलेले टी-शर्ट दिले तेव्हाही घालणाऱ्यांचा अंदाज तेवढाच फुगलेला निघाला, आणि पाहणाऱ्यांपैकी दहांत एकालाही तो शर्ट धड आठवला नाही. म्हणजे कपड्यानं लाज वाटो की मिरवावंसं वाटो, पाहणारा गाव आपल्याच डोक्यात वसलेला असतो. याच संशोधनातली आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तो लाजिरवाणा शर्ट घालून आधी थोडा वेळ बसायला मिळालं, की विद्यार्थ्यांची भीती कमी होई. अंगवळणी पडलेला कपडा मनातून उतरतो आणि लक्ष कामाकडे वळतं.

मग कपड्याला काहीच महत्त्व नाही का? असं म्हणणं म्हणजे महाराष्ट्राचा इतिहास पुसून टाकणं होईल. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचं दहन झाल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि त्या बोलण्यात लुगड्याचा विषय होता. गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, गळ्यात आणि हातांत ढिगानं घातलेले दागिने यांवरून जात ओळखली जाई. ती खूण मिटवा, सवर्ण बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असा त्या उपदेशाचा मथितार्थ होता. स्त्रियांनी तो लगोलग अमलात आणला. त्यात नवा कपडा विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. तेच लुगडं, फक्त किती खाली सोडायचं हे ठरवण्याचा हक्क गावाकडून काढून घेतला गेला. बाबासाहेबांचा स्वतःचा सूट हाही त्याच हक्काचा भाग होता, आणि गावोगावच्या पुतळ्यांवर तो कोरला गेला यात नवल नाही. त्याआधी ऐंशी वर्षं, पुण्यात मुलींना शिकवायला जाताना सावित्रीबाई फुले जवळ एक जादा साडी ठेवत, असं सांगतात. वाटेत अंगावर शेणमाती फेकली जाई. शाळेत पोचल्यावर ती साडी बदलून त्या वर्गात उभ्या राहत. शेण मारणाऱ्यांना त्यांच्या अंगावर काय दिसावं हे ठरवायचं होतं. ते त्यांनी ठरवू दिलं नाही.

यावर पहिला आक्षेप गणवेशाचा येतो, आणि तो वजनदार आहे. कपड्यांत निवड आली की पैसा आला. पैसा आला की वर्गात श्रीमंत आणि गरीब दिसू लागले. सगळ्यांना एकच कपडा दिला तर गरिबाच्या पोराला मान वर करून बसता येईल, हे म्हणणं मला पटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली. मुलांनी कष्ट करून शिकावं हा रयत शिक्षण संस्थेचा आग्रहच होता, आणि 'कमवा आणि शिका' ही कल्पना पुढे विद्यापीठांनीही उचलली. तिथल्या साधेपणात लाचारी नव्हती, कारण तो कष्टाबरोबर आला होता. पण गणवेश आपोआप समता आणतो, हे काही खरं नाही. महाराष्ट्र सरकारच्या 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत २०२४-२५ साली बऱ्याच शाळांत कपडे उशिरा पोचले. जे पोचले त्यांतल्या अनेकांची मापं चुकलेली होती, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. ढगळ शर्ट आणि घसरणारी चड्डी सावरत प्रार्थनेला उभ्या राहणाऱ्या मुलाला समतेचा धडा कळत नाही. आपलं माप घ्यायलासुद्धा कोणी आलं नाही, एवढं कळतं. केरळातलं उदाहरण याहून बोलकं आहे. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं २०१८ मध्ये मुलामुलींना सारखाच, शर्ट आणि पाऊण लांबीच्या पँटचा गणवेश दिला. मुलींना धावता यावं, खेळता यावं, हा त्यामागचा विचार होता. डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरीच्या मुलींच्या शाळेत अकरावीसाठी शर्ट-पँट आली, तेव्हा मात्र काही संघटनांनी ही सक्ती असल्याचं म्हणत मोर्चे काढले, आणि पुढे असा गणवेश कोणावर लादणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. पँट मुलींना मोकळं करते, हे मला मान्य आहे. पण मोकळं होण्याचीसुद्धा सक्ती झाली, तर ठरवणारा पुन्हा दुसराच कोणी उरतो.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. कॉलेज ही शिकायची जागा आहे, तिथे काही ताळतंत्र हवं की नको? हवंच. प्रयोगशाळेत ओढणी आवरलेली हवी, वर्कशॉपमध्ये बूट हवेत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्या नियमाचं कारण नियमातच दिसतं. अडचण होते ती कारण न देता केलेल्या नियमांची. चेंबूरच्या एका कॉलेजानं हिजाब, टोपी, बॅज वगैरे वर्ज्य करणारा नियम काढला. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियमाच्या त्या भागाला अंतरिम स्थगिती दिली. मुलींनी काय घालावं हे सांगून तुम्ही त्यांना सक्षम कसं करता, अशा आशयाचा प्रश्न खंडपीठानं सुनावणीत विचारला होता. दरम्यान त्याच कॉलेजात फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवरही बंदी आली होती. हिजाब आणि फाटकी जीन्स एकाच दारावर अडवल्या जातात, तेव्हा एक फार जुना आणि दुसरी फार नवी म्हणून त्या अडवल्या जात नाहीत. दोन्ही ठिकाणी खटकते ती मुलीची निवड. हिजाबमागे घरचा दबाव असू शकतो आणि जीन्समागे मैत्रिणींचा, हे मी नाकारत नाही. पण दबाव ओळखायचा तर मुलीशी बोलावं लागतं. गेटवर अडवून ते कळत नाही.

तिसरा आक्षेप खरं तर मला सर्वांत जास्त पटतो. आजच्या विद्यार्थ्याची 'स्वतःची' निवड खरंच स्वतःची असते का? रील्समध्ये या आठवड्यात जे दिसतं, तेच पुढच्या आठवड्यात पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर दिसतं आणि महिन्याभरात जुनं होतं. आत्मविश्वास या शब्दावर आज परफ्यूमपासून फेसवॉशपर्यंत सगळं विकलं जातं, आणि विकायचं तर आधी ग्राहकाला आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटायला लावावं लागतं. त्यामुळे गावोगावच्या आईबापांची कुरकुर निव्वळ कंजुषी नसते. मात्र यावर उपाय म्हणून मुलांच्या हातून निवड काढून घेतली, तर निवडायची सवय लागणार कधी? कॉलेजातला ट्रॅडिशनल डे पाहा. त्या दिवशी कोणी आजीची इरकल नेसतं, कोणी खणाचं झंपर शिवून घेतं, कोणी काकांचा फेटा बांधून येतं. मिरवणं त्यातही असतंच, आणि भाड्यानं आणलेला झगमगाटही. पण आजीची साडी नेसताना तिची किंमत विचारावी लागत नाही, आणि निऱ्या नीट बसल्या की नाही, हे कोणता ब्रँड सांगू शकत नाही. बाजाराला तोंड द्यायला लागणारी कसोटी याच पोरांच्या हातात अशी अधूनमधून दिसते. तिला वर्षातला एकच दिवस मिळावा, हे थोडं चमत्कारिक वाटतं.

राहणीची बाजू मात्र कपाटाबाहेरची असते आणि तिच्याकडे लक्ष कमी जातं. २०१८ मध्ये 'द पुडिंग' या अमेरिकी नियतकालिकानं २० ब्रँडच्या ८० जीन्सचे खिसे मोजले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांपेक्षा सरासरी ४८ टक्क्यांनी उथळ आणि ६.५ टक्क्यांनी अरुंद निघाले. आपल्याकडच्या कुर्त्यांना तर बहुधा खिसाच नसतो. परिणामी मुलीच्या एका हातात मोबाइल, पास आणि सुटे पैसे कायमचे अडकलेले, आणि गर्दीच्या एसटीत किंवा लोकलमध्ये दांडा धरायला एकच हात मोकळा. दोन्ही हात मोकळे असलेलं माणूस चालतंसुद्धा वेगळ्या डौलात. कुर्त्याला शिवणीत खिसा लावून द्या, असं शिंप्याला सांगणाऱ्या मुली आता दिसतात, ही मला अलीकडच्या विद्यार्थी-फॅशनमधली खरीखुरी प्रगती वाटते. मळखाऊ रंगाचा कपडा, पाय न चावणारी चप्पल, सायकल चालवताना चाकात न जाणारी ओढणी, होस्टेलवर स्वतः धुता येईल असं कापड: या गोष्टी फॅशनच्या पानावर येत नाहीत, पण आठ तासांचा कॉलेजचा दिवस त्यांच्यावरच तोलला जातो. शेवटच्या वर्षाला कॅम्पस मुलाखती आल्या की हे सगळं एकदम उलटतं. कालपर्यंत चपला घालून फिरलेली पोरं उसनवारीचे ब्लेझर चढवून, गळपट्टी सैल करत रांगेत उभी असतात, आणि त्यांचं निम्मं लक्ष प्रश्नांपेक्षा बाह्यांकडे असतं. कंपनीचा रिवाज पाळू नका, असं कोणी सांगणार नाही. फक्त मुलाखतीचा शर्ट किंवा कुर्ता आपल्या मापाचा असावा, आणि त्याची घडी आठवडाभर आधी, नेहमीच्या वर्गात बसून मोडलेली असावी.