बेटावरून नोकरी: मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या तरुणाला तेच काम हिंदी महासागरातल्या बेटावरून करता येईल का? येईल. मॉरिशसने त्यासाठी २०२० मध्ये ‘प्रीमियम व्हिसा’ सुरू केला. मुदत एक वर्षाची, पुढे वाढवता येते आणि व्हिसाला शुल्क नाही. मुख्य अट अशी, की कमाई मॉरिशसबाहेरून यावी, दरमहा किमान १५०० डॉलर. आरोग्य विमाही लागतो. तिथल्या कंपनीत मात्र नोकरी धरता येत नाही.

मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे पुण्यातली दहाची मीटिंग तिथे साडेआठला. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ, तेव्हा वीज आणि इंटरनेट खंडित होऊ शकतं. वर्षातले किती दिवस कुठे राहिलात, यावर कर कुठे भरायचा हेही बदलतं.

एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही गणेशोत्सव साजरा करतात. त्यामुळे अगदीच परकं वाटणार नाही. फक्त कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या, करसल्लागाराशी बोला आणि मगच तिकीट काढा.