विमानातला रिले मध्येच दगा देतो तेव्हा: बिघाड नेमका शोधायचा कसा?

चार्जिंगची केबल एका ठराविक कोनात वाकवली तरच मोबाईल चार्ज होतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. दुकानात दाखवायला नेली की मात्र तीच केबल शहाण्यासारखी चालते! असाच 'कधी आहे, कधी नाही' बिघाड छोट्या विमानात झाला तर? मी फ्लाइंग स्कूलच्या विमानांची इलेक्ट्रिकल कामं करतो. आज सेसना १७२ चं उदाहरण घेऊन ते समजून घेऊ.

रिले म्हणजे काय?

रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. थोडा करंट कॉइलमधून गेला की चुंबकत्व तयार होतं, आतला लोखंडी तुकडा ओढला जातो आणि मोठ्या करंटचा रस्ता जोडला जातो. बॅटरीजवळच्या अशा दणकट रिलेला कॉन्टॅक्टर म्हणतात.

पायलट मास्टर स्विच चालू करतो तेव्हा बॅटरीचा सगळा करंट त्या स्विचमधून जात नाही बरं का! स्विच फक्त कॉइलचं एक टोक अर्थला, म्हणजे विमानाच्या सांगाड्याला जोडतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लक्षणं काय होती?

टॅक्सी करताना रेडिओ आणि दिवे क्षणभर जायचे, लगेच परत यायचे. हवेत सगळं ठीक. आधीच्या वर्कशॉपने कॉन्टॅक्टर नवीन बसवून दिला होता. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच.

हवेत त्रास का नाही? इंजिन जोरात फिरत असताना अल्टरनेटर पुरेशी वीज देतो, त्यामुळे बॅटरी क्षणभर सुटली तरी कळत नाही. इंजिन मंद झालं की बॅटरीचा आधार लागतो. आणि इंजिन मंद होतं लँडिंगच्या वेळीही! इंजिन बंद पडत नाही, कारण स्पार्कसाठी मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः बनवतात. पण एकटा शिकाऊ पायलट, गप्प झालेला रेडिओ आणि विजेवर चालणारे फ्लॅप्स, हे नको त्या वेळी जमून येऊ शकतं.

शोध कसा घेतला?

१. आधी पायलटला विचारलं: कधी होतं? उत्तर मिळालं: खडबडीत टॅक्सीवेवर, धक्का बसला की.

२. इंजिन बंद ठेवून, दिवे वगैरे चालू करून कॉन्टॅक्टरच्या दोन मोठ्या टोकांमधला व्होल्टेज मोजला. लोड हवाच. जोडणीत ०.१ ओहमचा अडथळा असला तर साध्या मीटरच्या बीपला तो कळत नाही, पण २० अँपिअर करंटला तिथेच २ व्होल्ट खर्च होतात. इथे आकडा जवळपास शून्य आला. म्हणजे कॉन्टॅक्टर निर्दोष.

३. मग कॉइलचं स्विचकडचं टोक आणि सांगाडा यांच्यात मीटर लावला. स्विच चालू असताना इथेही शून्याच्या आसपास हवं. होतंही. पण मास्टर स्विचला बोटाने हलकी टिचकी मारताच आकडा थेट २४ च्या जवळ! म्हणजे अर्थचा रस्ता तुटतोय.

वायर आणि तिची जोडणी पक्की होती. दोष निघाला मास्टर स्विचच्या झिजलेल्या संपर्कात. नवा रिले बसवूनही बिघाड का परतला, ते आता कळलं ना?

दुरुस्तीनंतर लायसन्सधारक इंजिनिअरने तपासून नोंद केल्याशिवाय विमान उडत नाही. त्या तपासणीतही आम्ही तीच टिचकी मारून पाहिली. 'आता चालतंय' एवढ्यावर भागत नाही. बिघाड ज्यामुळे व्हायचा, तेच करून पाहायचं आणि तो झाला नाही तरच काम संपलं म्हणायचं.

तुमचा मोबाईल मध्येच बंद पडत असेल, तर पार्ट बदलण्याआधी लिहून ठेवा: तो गरम असताना, चार्जिंगला असताना की हलवल्यावर बंद पडतो? अर्धा शोध तिथेच लागतो.