वासरांचा गोठा आणि तुमचा ‘एन’

दुग्धव्यवसायातल्या संशोधनात एक विषय हमखास निवडला जातो: लहान वासरं एकेकटी ठेवावीत की सोबतीत? वरवर पाहता सोपं काम. दोन प्रकारचे कप्पे करा, वासरं ठेवा, दर आठवड्याला वजन घ्या. पण असा प्रयोग फसतो तो बऱ्याचदा वासरं येण्याआधी, आराखड्यातच. कसा, ते बघू.

आधी मूळ प्रश्न. एकेकटं ठेवण्याला कारण आहे. पहिल्या काही आठवड्यांत हगवण आणि न्यूमोनिया ही वासरांची मोठी दुखणी. वेगळं ठेवलं की एकाचं दुसऱ्याला लागण्याचा धोका कमी होतो, कोणी किती दूध प्यालं तेही कळतं. पण गाय हे कळपातलं जनावर. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एकेकटी आणि जोडीनं वाढलेली वासरं तपासली. काळा आणि पांढरा रंग ओळखायला दोन्ही गट सारख्याच वेगानं शिकले. मग नियम उलटा केला, तेव्हा एकेकटी वाढलेली मागे पडली. युरोपीय संघात तर आजारपणासारखं कारण नसेल, तर आठ आठवड्यांनंतर वासराला एकट्याच्या कप्प्यात ठेवायला मनाई आहे.

आता तुमचा प्रयोग. समजा, २४ कालवडी आहेत. १२ एकेकट्या १२ कप्प्यांत, उरलेल्या १२ सहा-सहाच्या दोन कप्प्यांत. तुमचा ‘एन’ किती? बरेच जण सांगतील, दोन्हीकडे १२. चूक! सोबतीच्या बाजूला तो फक्त २ आहे. एका कप्प्यातल्या सहाजणी एकच हवा घेतात, एकाच ओल्या पेंढ्यावर बसतात. एक खोकायला लागली की बाकीच्यांनाही लागण होऊ शकते. निवारा तुम्ही कप्प्याला दिलाय, म्हणून मोजायचा कप्पा. त्याच कालवडी जोडीजोडीनं ठेवल्या, तर सहा कप्पे होतात. जनावरं तेवढीच, पण निष्कर्षाला बळ जास्त.

दुसरा घोळ म्हणजे एका बदलात चार बदल. एकत्र ठेवताना जागा वाढवली, बादलीऐवजी निपल लावलं, दूधही वाढवलं, आणि वजन वाढलं. श्रेय कुणाचं? म्हणून दर वासरामागे जागा, दूध, पाजण्याची पद्धत आणि अंथरूण दोन्हीकडे सारखंच ठेवा. कुठली कालवड कुठे जाईल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर दांडगी वासरं नकळत एकाच बाजूला जातात.

तिसरं, मोजायचं कुठे? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात वासरांच्या गोठ्यांचा अभ्यास झाला. मधल्या वाटेवर हवा बरी, आणि कप्प्यात मात्र जंतू जास्त, असं तिथं आढळलं. दोन वासरांमधली भरीव भिंत न्यूमोनिया कमी असण्याशी जोडलेली होती; पण कप्प्याच्या जितक्या जास्त बाजू बंद, तितके हवेत जंतू जास्त! तेव्हा थर्मामीटर खांबावर टांगून भागणार नाही. बसलेल्या वासराच्या नाकाच्या उंचीवर मोजा. अमोनियाचा वासही तिथंच वाकून घ्या.

त्याच अभ्यासातली एक बिनखर्ची पद्धत: वासरू बसलं की पाय बघा. पूर्ण दिसले तर गुण १, अर्धवट दिसले तर २, पेंढ्यात बुडाले तर ३. थंडीत ३ हवा. पण विदर्भातल्या मे महिन्यात हाच गुण चांगला म्हणून लिहाल, तर अर्थ उलटा होईल. तिथं सावली, वारा आणि पाणी यांची मोजमापं आधी.

ऋतूचंही तसंच. जून-जुलैत जन्मलेली वासरं सोबतीत आणि थंडीतली एकेकटी ठेवलीत, तर तुम्ही पावसाळा मोजताय, निवारा नाही. जन्मतारखेनुसार गट पाडा आणि प्रत्येक गटात दोन्ही निवारे ठेवा.

हे सगळं एवढं का ताणायचं? कारण तुमचा निष्कर्ष वाचून एखादा शेतकरी शेड बांधेल, कदाचित कर्ज काढून. पत्रे आणि सिमेंट एकदा लागलं की दहा-पंधरा वर्षं तेच राहतं. तेव्हा गाईडकडे जाण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा: मी निवारा कशाला दिलाय, त्याशिवाय काय काय बदललंय, आणि मी कुठे मोजणार आहे. पहिल्या ओळीचं उत्तर ‘वासराला’ असं आलं, तर कप्पे पुन्हा मोजा.