वाफशावरचा मासा

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला वाफसा शिकवावा लागत नाही. मूठभर माती दाबायची. गोळा झाला, हाताला पाणी लागलं नाही आणि अंगठ्याने टोकरताच फुटला, की पाभर जुंपायची. पण अशाच वाफशात महिनोन्‌महिने जिवंत राहणारी माशाची अंडी असतात, हे मात्र त्यालाही खरं वाटणार नाही.

हे मासे किलीफिश. नावाचा मारण्याशी संबंध नाही. डच भाषेत 'किल' म्हणजे ओहोळ. त्यातला पूर्व आफ्रिकेचा नोथोब्रँकियस पावसाळी डबक्यात जन्मतो आणि डबकं आटलं की मरतो. मोझांबिकमध्ये यातली एक जात जन्मापासून 14 दिवसांत अंडी घालण्याजोगी होते. आपली मेथीची जुडीसुद्धा इतक्या लवकर हाती येत नाही! मागे उरतात ती चिखलातली जेमतेम मिलिमीटरभराची अंडी. त्यांच्यातला जीव वाढता वाढता थांबतो, तोही एकदा नव्हे, तीन निरनिराळ्या टप्प्यांवर थांबू शकतो.

आणि तो चिखल कसला? उन्हाळ्यात भेगाळणारी, पाण्याने फुगणारी काळी चिकणमाती. भीमा-घोडेच्या काठी कापूस, ज्वारी, ऊस पोसणाऱ्या मातीच्याच कुळातली.

मग हा मासा घरी पाळताना टँकमध्ये आपलीच काळी माती का घालू नये? कारण अंडी साठवायच्या पिशवीत ती लोण्यासारखी बसते, आत हवा खेळत नाही, आणि तिच्यातून अंडं शोधणं म्हणजे चिखलातून मोहरी वेचणं. म्हणून पीट. थंड प्रदेशांतल्या दलदलीत शेवाळ अर्धवट कुजून तो साठतो, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे अंड्याच्या जाडीएवढा पीट व्हायला एक वर्ष! तो भुसभुशीत असतो, ओल धरून हवा सोडतो आणि आम्ल असल्याने त्यात बुरशी सहज माजत नाही. फक्त खत मिसळलेला नको.

आपल्याकडे त्याऐवजी रोपवाटिकेतला कोकोपीट चालतो. ट्रेमध्ये उसाची, भाजीची रोपं करतात तोच. पण विचारून घ्या. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे मीठ उतरतं. आणि कॅल्शियम नायट्रेटने धुतलेला माल रोपाला मानवतो, माशाच्या पिल्लाला नाही. दोन्ही पीट उकळायचे, चाळणीत पुन्हा पुन्हा धुवायचे. चहासारखं पाणी फिकट होईपर्यंत आणि तरंगणारा पीट तळाशी बसेपर्यंत. घाई करणाऱ्याचा पीट आठवडाभर पाण्यावर तरंगतो आणि नर-मादी रिकाम्या तळाशी हुंगत फिरतात.

झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात दोन-तीन सेंटिमीटर पीट भरून तो टँकमध्ये ठेवला, की जोडी आत शिरून त्यात अंडी पुरते. आठवड्याने तो जाळीत ओतायचा, हलक्या हाताने पिळायचा, वर्तमानपत्रावर पसरायचा. किती वाळवायचा? वाफशावर येईपर्यंत. पाश्चात्त्य छंदी ओलसर तंबाखूची उपमा देतात. मला आपली मूठ जास्त भरवशाची वाटते. मग पिशवीत बांधून जातीचं नाव आणि तारीख लिहायची. झांझिबारच्या गुंथरी जातीला सुमारे तीन महिने लागतात, इतर काहींना सहा किंवा अधिक. भिंगाखाली अंड्यात सोनेरी कडेचा डोळा दिसू लागला, की गार पाणी ओता. काही तासांत पिल्लं पोहू लागतात.

दुकानातला 'गोल्डन वंडर' मात्र वाळवू नका. तोही किलीच, पण आपल्याच देशातल्या बारमाही पाण्यातला. त्याची अंडी पाणवनस्पतींवर असतात आणि वाळली की मरतात.

नोथोब्रँकियसची सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. पर्जन्यछायेतल्या आपल्या गावांना पहिला पाऊस फसवतो तेव्हा दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. हा मासा काही बियाणं आधीच राखून ठेवतो. तेव्हा पिल्लं काढून घेतली म्हणून उरलेला पीट तुळशीच्या कुंडीत रिकामा करू नका. पुन्हा वाफशावर आणा, नवी तारीख टाका आणि महिन्याभराने पाणी घालून बघा.