वाहनचालकाचे शिक्षण आणि प्राथमिक शाळा

प्रवरा नदीच्या काठी वसलेल्या कोल्हार गावातून नगर-मनमाड मार्ग जातो. नदीच्या एका तीरावर कोल्हार खुर्द व दुसऱ्या तीरावर कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर; लोणी, संगमनेर व अकोले या बाजूंकडे जाणारा कोल्हार-घोटी रस्ता येथूनच निघतो. शिर्डीचे यात्रेकरू, शनिशिंगणापुराकडे निघालेल्या मोटारी, मनमाडकडील मालमोटारी, एस. टी. गाड्या आणि हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर ही सारी वाहतूक येथे एकाच रस्त्यावर, परंतु अगदी भिन्न भिन्न वेगाने चाललेली असते. बैलगाडी ताशी चार किलोमीटर चालते. तिच्या मागून येणारी मोटार ताशी ऐंशीच्या वेगाने येते. या दोहोंच्या मधून दप्तर पाठीस लावलेली मुले शाळेस येतात व सायंकाळी घरी परततात. जिल्ह्यातील ज्या गावांस असा रस्ता लाभला आहे, तेथील प्रत्येक शाळेची स्थिती थोड्याफार फरकाने हीच आहे.

वाहनचालकाचे शिक्षण हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या कक्षेतील नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये वाहन चालविण्याचा परवाना वयाच्या अठराव्या वर्षानंतर मिळतो. तोपर्यंत मुलाने प्राथमिक शाळा सोडून कित्येक वर्षे लोटलेली असतात. परंतु थोडा हिशेब मांडून पाहावा. केंद्रीय नियमांनी मोटार-प्रशिक्षण शाळेसाठी हलक्या वाहनाचा जो अभ्यासक्रम घालून दिला आहे, त्यात किमान २१ दिवसांचे शिक्षण व प्रत्यक्ष वाहन चालविण्याचा किमान १० तासांचा सराव आहे. त्या दहा तासांस बसण्यापूर्वी त्या तरुणाने वडिलांच्या पाठीमागे मोटारसायकलवर बसून, चुलत्यांच्या ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर बसून, वडापच्या गाडीत दाटीने बसून हजारो तास काढलेले असतात. पुढील गाडीस केव्हा ओलांडावे, हॉर्न कशासाठी वाजवावा, वळणावर वेग कमी करावा की नाही, हे सारे त्याने तेव्हाच पाहून ठेवलेले असते. दहा तासांचा गुरू त्याला क्लच व ब्रेक दाखवितो. रस्त्यावर वागावे कसे, हे तो त्याआधीच शिकून आलेला असतो. ते शिक्षण ज्या वयात घडते, ते वय शिक्षकाच्या हाती आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून ध्यानात येईल. भारतात २०२२ साली ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांपैकी शेकडा ७१ जण अतिवेगामुळे झालेल्या अपघातांत गेले. पादचारी ३२,८२५ होते. दुचाकीवरील ज्या व्यक्तींनी शिरस्त्राण घातलेले नव्हते, अशा मृतांची संख्या ५०,०२९ इतकी होती. अठरा वर्षांखालील मुलेमुली साडेनऊ हजारांच्या आसपास होती.

वाहनाच्या परीक्षेविषयी आपला देश बेफिकीर आहे, असे म्हणता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यात, नगरजवळ वाहननगर येथे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तेथील खास मार्गांवर गाड्या धावडवून त्यांचे ब्रेक व बांधणी पारखली जाते. चालकाच्या शिक्षणाचीही परंपरा या भागास परकी नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, ती पुणे-नगर याच मार्गावर. मार्ग परिवहनाच्या अभ्यासासाठी व प्रशिक्षणासाठी पुण्याजवळ भोसरी येथे १९६७ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. इंग्लंडचे उदाहरण तर विशेष बोधप्रद आहे. ब्रिटनमध्ये १९३४ साली रस्त्यांवर ७,३४३ माणसे दगावली, तेव्हा वाहने होती सुमारे चोवीस लाख. पुढील वर्षी, १ जून १९३५ पासून, नव्या चालकास परीक्षा सक्तीची झाली. आज तेथे वाहनांची संख्या त्यावेळच्या दहापटीहून कितीतरी अधिक आहे; मृतांची संख्या मात्र वर्षाला दोन हजारांच्या आत आली आहे. हे एकट्या परीक्षेचे फळ नव्हे. रस्ते सुधारले, आसनपट्टे आले, वैद्यकीय मदत लवकर पोहोचू लागली. तथापि वाहने वाढली की मृत्यू वाढणारच, हा समज त्यावरून खोटा ठरतो.

आता शाळेत करावयाचे काय? येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी बराच गैरसमज आढळतो. पहिली-दुसरीच्या मुलास नियम पाठ करून घेतले की तो रस्त्यावर सुरक्षित झाला, असे मानणे धोक्याचे आहे. स्वीडनमधील बालमानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी रहदारीतील मुलांचा बारकाईने अभ्यास केला. साधारणतः दहा वर्षांखालील मूल येणाऱ्या वाहनाचा वेग व अंतर यांचा भरवशाचा अंदाज घेऊ शकत नाही, आणि केवळ शिकवून त्याला रहदारीस योग्य असे बनविता येत नाही, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय आहे. आवाज कोणत्या बाजूने येतो, हेही लहान मुलास नीट उमगत नाही. वर्गात नियम अचूक सांगणारा मुलगा रस्त्यापलीकडे आई दिसताच तो विसरून धावतो. तो त्याच्या वयाचा धर्म आहे, त्यास अवज्ञा समजू नये. म्हणून लहान वर्गांतील मुलांच्या बाबतीत मोठ्या माणसाने हात धरून रस्ता ओलांडणे, हाच खरा उपाय होय. शाळा सुटताना मोठ्या रस्त्यापलीकडे राहणारी मुले एका गटाने, शिक्षक वा पालक बरोबर घेऊन, पलीकडे पोहोचविली पाहिजेत.

तरी काही सवयी लहानपणीच जडाव्यात. त्यांतील पहिल्या सवयीबाबत शाळांतील जुन्या पाठाची दुरुस्ती करणे अवश्य आहे. ‘रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे’ असे वाक्य पुष्कळ मुलांना पाठ असते. डावी बाजू हा वाहनांचा नियम आहे. जेथे पदपथ नाही, तेथे डाव्या कडेने चालणाऱ्या पादचाऱ्याच्या पाठीमागून वाहने येतात व ती त्यास दिसत नाहीत. उजव्या कडेने चालल्यास समोरून येणारे वाहन दिसते आणि वेळीच बाजूस सरता येते. अशा रस्त्याने उजव्या कडेने, एकामागे एक असे चालणे हितावह होय. दुसरी सवय थांबलेल्या एस. टी. गाडीविषयीची. गाडीतून उतरून तिच्या पुढून रस्ता ओलांडणारे मूल मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकास शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. गाडी निघून जाऊ द्यावी, मग आधी उजवीकडे, नंतर डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावे. मध्ये दुभाजक असेल तर ते दोन रस्ते समजून दोनदा थांबावे.

वरच्या वर्गांत मात्र हा विषय गणिताच्या तासाला येऊ शकतो, आणि तेथे तो फार रंगतो, असा अनुभव कोणत्याही शिक्षकास घेता येईल. सावध चालकास धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर गेले. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक उत्तम असले तरी गाडी थांबण्यास आणखी २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर. ताशी ४० च्या वेगाने हेच अंतर ११ व ९ मिळून २० मीटर होते. ताशी ८० ने २२ व ३५ मिळून ५७ मीटर. वेग दुप्पट झाला असता पहिला भाग दुप्पट होतो, परंतु दुसरा चौपट होतो, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे. आयते सांगू नये. रस्ता ओला असेल तर ब्रेकचे अंतर सुमारे दुपटीवर जाते.

ही अंतरे फळ्यावर न ठेवता मैदानावर मोजून घ्यावीत. एका ठिकाणी मुलाने उभे राहावे व तेथून २०, ३७ आणि ५७ मीटरवर चुन्याच्या रेघा आखाव्यात. सत्तावन्न मीटरवरील रेघ बहुतेक शाळांच्या मैदानाबाहेर जाईल; ती कुंपणापलीकडे कोठे पडते, हे मुलांना दाखविणेच पुरेसे आहे. एक सेकंद म्हणजे किती, हे समजण्यासाठी साधी पट्टी पुरते. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरून अकस्मात सोडावी, दुसऱ्याने दोन बोटांच्या चिमटीत पकडावी. ती वीस सेंटिमीटर सरकून हाती आली तर एक पंचमांश सेकंद गेला. हातून निसटली तर पाव सेकंदाहून अधिक गेला. येथे मूल पट्टीकडेच टक लावून बसलेले असते. दिवसभराचा थकलेला, शेजाऱ्याशी बोलणारा वा भ्रमणध्वनी कानास लावलेला चालक याहून किती मागे पडेल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून तास संपविला तरी चालेल.

या भागातील मुलांना याच गणिताचा एक जवळचा उपयोग आहे. रात्री समोरून वाहन येत असता चालकास दिव्यांचा झोत खाली करावा लागतो. त्या खालच्या झोतात काळपट वस्तू चाळीस मीटरच्या आसपास आल्याखेरीज नीट दिसत नाही. रस्त्याच्या कडेला चाक निखळून उभी राहिलेली उसाची ट्रॉली ही अशीच काळपट वस्तू होय. तिच्यामागे दिवा नसतो आणि बाहेर लोंबणारे वाढे तिचा आकार झाकतात. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्यास थांबण्यास ५७ मीटर हवेत व दिसते चाळीसवर. या वजाबाकीत माणूस मरतो. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी असेल, तर तीच ट्रॉली शंभराहून अधिक मीटरवरून चमकते. पट्टीची किंमत ट्रॉलीतील उसाच्या मानाने नगण्य आहे. बैलगाडीस व सायकलीसही ती तितकीच आवश्यक आहे, आणि वडिलांच्या गाडीस ती लावण्याचे काम पाचवीचा मुलगा आनंदाने करतो.

हंगामात बीडकडून व पाथर्डीच्या बाजूने ऊसतोडणी कामगार येतात व त्यांची मुले काही महिने या भागातील शाळांत बसतात. ही मुले माळरानावरील वाड्या-तांड्यांवरून आलेली असतात. त्यांच्या कोप्या मात्र पुष्कळदा रहदारीच्या रस्त्यालगत पडतात. शाळेच्या पटावर नाव घालताना या मुलांस रस्त्याची ओळख करून देणे, कोठे ओलांडावयाचे ते प्रत्यक्ष दाखविणे, हे पाठ्यपुस्तक देण्याइतकेच निकडीचे समजावे. स्थानिक मुलांपैकी एखादा जाणता सोबती प्रत्येकास नेमून दिल्यास चांगले.

राहिला प्रश्न पालकांचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. चौदा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर चालवितो, याचे घरात कौतुक होते; सुगीच्या दिवसांत त्याची मदत खरोखरच लागते. शिक्षकाने त्या पालकास दोष देऊन काही साधणार नाही. मात्र कायदा काय आहे, हे पालकसभेत स्पष्ट शब्दांत सांगणे त्याचे कर्तव्य आहे. सोळाव्या वर्षी पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतचे, गिअर नसलेले दुचाकी वाहन परवाना घेऊन चालविता येते. ट्रॅक्टरसह इतर सर्व वाहनांस किमान अठरा वर्षे लागतात. अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते व त्या मुलास पंचविसावे वर्ष पुरे होईपर्यंत परवाना मिळत नाही. ज्यास पुढे चालक म्हणून पोट भरावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने ही शेवटची शिक्षा पहिल्या दोहोंपेक्षा जबर आहे. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस दुचाकीवर शिरस्त्राण सक्तीचे आहे, म्हणजे पहिलीच्या मुलासही. वडिलांच्या डोक्यावर ते नसताना मुलास त्याचे महत्त्व पटविणे कठीण, आणि दुचाकीवरून शाळेत येणाऱ्या शिक्षकासही हेच लागू आहे, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

अपघातग्रस्तास मदत केल्यास पोलिसांच्या चौकशीत अडकावे लागते, ही भीती खेड्यात अजून आहे. २०१९ च्या त्याच दुरुस्तीने सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे. त्याने आपले नाव सांगावे अशी सक्तीही नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर रस्त्यावरून वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावेत. पालकसभा दिवाळीपूर्वी, गाळप सुरू होण्याच्या आत घ्यावी. एकदा टोळ्या फडात उतरल्या की सभेस कोणी येत नाही. सभेच्या दिवशी मैदानावरील चुन्याच्या रेघा पुन्हा ताज्या कराव्यात व वेगाचे ते गणित पालकांपुढे मुलांनीच मांडावे.