पोंगलचा रंग आणि भिंतीतलं पाणी

चेन्नईच्या वेलाचेरीतून एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्याला थांबायला वेळ नाही. तळमजल्यावरच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं, ते ओसरलं. आता भिंतीवर काळपट ठिपके दिसतायत, कपाटाला कुबट वास येतोय, आणि घरमालक म्हणतात, ‘पोंगलच्या आत रंग लावून टाकू.’ लावू द्यावा का?

ताई, मुळीच लावू देऊ नका.

आपल्याकडे महाराष्ट्रात पाऊस दसऱ्याच्या आसपास आटोपतो, ऑक्टोबरचं ऊन भिंती तापवतं आणि मग दिवाळीचा रंग लागतो. चेन्नईत मुख्य पाऊसच ऑक्टोबर ते डिसेंबर. २०१५ साली अड्यार नदीचं पाणी सैदापेट, कोट्टूरपुरममध्ये घुसलं ते डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला. २०२३ मध्ये मिचाँग वादळाचा पाऊस कोसळला ३ आणि ४ डिसेंबरला. दोन्ही वेळा पोंगल जेमतेम सहा आठवड्यांवर! त्यात जानेवारीचं ऊन कोवळं आणि हवा समुद्राची. भिंत वाळायला इंचाला महिना, असा एक ठोकताळा आहे. दोन्ही बाजूंनी वारा लागला तर वेळ कमी लागतो, पण नऊ इंची वीटकाम सहा आठवड्यांत आतून कोरडं होत नाही.

मग भोगीच्या आधी घराला रंग द्यायची पद्धत इतकी वर्षं चालली कशी? कारण तो रंग म्हणजे चुना होता. मद्रासचा शिंपल्यांचा चुना संगमरवरासारख्या झिलईसाठी नावाजलेला. साध्या सफेदीतही त्याचे दोन गुण उतरतात: भिंतीतली वाफ तो बाहेर जाऊ देतो, आणि ताजा असताना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे जगणं अवघड. म्हणजे ओलसर भिंतीवरही तो चालून जायचा. सण तोच राहिला, पण हाताशी आली पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. त्या थराखाली पाणी कोंडतं, उन्हाळ्यात फुगे धरतात, पोपडे सुटतात आणि मागे बुरशी तशीच. माझं सगळं भांडण या अदलाबदलीशी आहे.

आधी भिंतीची परीक्षा घ्या. फूटभर लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर पाणी अजून भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. एक तुकडा पुराच्या खुणेखाली आणि एक खुणेच्या वर लावा, कारण विटा पाणी वर ओढतात.

मग पुट्टी आणि जुना रंग खरवडून गिलावा उघडा करा. पांढरा, बोटाला खरखरीत लागणारा आणि पाण्यात विरघळणारा थर असेल तर तो लोणा. तो कोरड्या ब्रशनेच झाडून गोळा करून टाका. पाण्याने धुतला तर मीठ पुन्हा भिंतीत जातं. काळे-हिरवे ठिपके म्हणजे बुरशी. तिथे उलटं: कोरडा ब्रश मारला की बीजाणू घरभर उडतात. मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. ब्लीचिंग पावडर वापरलीच तर तिच्यात व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतात.

घरमालकांना सण साजरा करायचाच असेल तर उघड्या गिलाव्यावर चुन्याचे दोन हात देऊ द्या. प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, म्हणून खरवडणं टाळता येणार नाही. पक्क्या रंगासाठी मे महिन्यातलं अग्निनक्षत्र, म्हणजे कडक उन्हाचे दिवस, उलटू दे. तेव्हा प्लास्टिकचा तुकडा पुन्हा त्याच दोन जागी लावा आणि काय दिसलं ते मला कळवा.